शून्य टक्क्यांचा दिलासा

कारखान्यातला सगळ्यात धोकादायक आकडा कुठला, असं विचारलं तर बहुतेक जण एखादा मोठा आकडा सांगतील. इतके अंश तापमान, तितका दाब. माझं उत्तर आहे शून्य. ज्वलनशील वायूच्या डिटेक्टरच्या नावापुढे, कंट्रोल रूमच्या पडद्यावर, हिरव्या रंगात महिनोन्‌महिने न हलता बसलेलं शून्य.

या शून्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, तिथल्या हवेत वायू नाही. दोन, डिटेक्टर मेला आहे. पडदा दोन्ही वेळा अगदी सारखाच दिसतो. आणि औद्योगिक सुरक्षेचं बरंचसं कागदकाम, त्यात माझ्या व्यवसायातले लोक विकतात ते ‘स्मार्ट फॅक्टरी’चे डॅशबोर्डही आले, पहिलाच अर्थ खरा धरून चालतं. माझं भांडण या गृहीतकाशी आहे. पण भांडायच्या आधी यंत्र समजून घ्यायला हवं, कारण खोड यंत्राच्या पोटातच आहे.

दोन मणी

कोळशाच्या खाणीत मिथेन साठतो आणि पेटतो, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा बनवला. मिथेन असला की त्या दिव्याची ज्योत लांब आणि निळसर व्हायची, प्राणवायू कमी पडला की ती विझायची. पुढे कार्बन मोनॉक्साइड ओळखायला कॅनरी पक्षी खाणीत नेऊ लागले. ब्रिटनने त्यांना निवृत्त करायचं ठरवलं ते थेट १९८६ साली. ही साधनं ओबडधोबड होती, पण त्यांच्यात एक गुण होता. ज्योत विझली की अंधार व्हायचा आणि पक्षी मेला की पिंजऱ्यात पडलेला दिसायचा. साधन निकामी झाल्याची बातमी साधन स्वतःच द्यायचं.

आज खाणी, रिफायनऱ्या, रंगाचे कारखाने, गॅस भरण्याचे प्लांट अशा असंख्य ठिकाणी जे काम करतं ते उत्प्रेरकी सेन्सर, म्हणजे कॅटॅलिटिक सेन्सर. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या तेल उद्योगासाठी ऑलिव्हर जॉन्सनने त्याचं पहिलं रूप तयार केलं, आणि पुढे ब्रिटनमध्ये खाणींच्या सुरक्षेसाठी चाललेल्या संशोधनातून त्याला आजचं मण्याचं रूप आलं. त्याला पेलिस्टर म्हणतात.

रचना सोपी आहे. प्लॅटिनमच्या केसासारख्या तारेचं वेटोळं, त्याभोवती अल्युमिनाचा इवलासा मणी, आणि त्यावर पॅलेडियमसारख्या उत्प्रेरकाचा लेप. तारेतून वीज सोडून मणी सुमारे पाचशे अंशांपर्यंत तापवतात. हवेत वायू असला तर तो मण्याच्या पृष्ठभागावर ज्योतीशिवाय जळतो, मणी आणखी तापतो आणि तारेचा विद्युतरोध वाढतो. शेजारी दुसरा मणी असतो, त्याचा जुळा भाऊच, फक्त वायू जाळण्याची क्षमता मुद्दाम काढून घेतलेला. हवेचं तापमान किंवा दमटपणा बदलला तर दोन्ही मण्यांवर सारखाच परिणाम होतो, वायू आला तर एकावरच. दोघांतला फरक व्हीटस्टनच्या पुलावर मोजला की वायूचं प्रमाण मिळतं.

ते प्रमाण ‘एल.ई.एल.’च्या टक्केवारीत सांगतात. एल.ई.एल. म्हणजे हवेत वायू किमान किती असला तर मिश्रण पेट घेईल ती खालची मर्यादा. मिथेनसाठी ती साधारण पाच टक्के आहे. म्हणजे डिटेक्टर ‘२० टक्के’ म्हणतो तेव्हा हवेत एक टक्का मिथेन असतो. पहिला इशारा बऱ्याच ठिकाणी याच सुमारास लावलेला असतो.

हे यंत्र स्वस्त आणि दणकट आहे, अनेक वायू ओळखतं आणि त्याने आजवर असंख्य जीव वाचवले आहेत. माझी तक्रार त्याच्या मरण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

आवाज न करता मरणं

मण्यावरचा उत्प्रेरक विषबाधेने मरतो. सिलिकॉनची संयुगं हे सगळ्यात कुप्रसिद्ध विष. गरम मण्यावर त्यांचा थर बसतो आणि वायूला उत्प्रेरकाला स्पर्शच करता येत नाही. हे सिलिकॉन कुठून येतं? गळक्या सांध्यांना भरायच्या सीलंटमधून, साच्यातून माल सुटावा म्हणून मारायच्या स्प्रेमधून, पॉलिशमधून, काही ग्रीसमधून. पावसाळ्याच्या तोंडावर शेडची डागडुजी करणारा माणूस छताजवळच्या फटीत सीलंट भरतो, तेव्हा हातभर अंतरावरच्या डिटेक्टरला आपण काय करतो आहोत हे त्याला कुणीही सांगितलेलं नसतं. शिसं असलेलं पेट्रोल हेही एक विष होतं. भारतात ते २००० साली बंद झालं. हायड्रोजन सल्फाइड आणि क्लोरीनयुक्त संयुगं मण्याला काही काळ सुस्त करतात, कधी कायमचं.

आता त्या दोन मण्यांकडे परत पाहा. विषबाधा झालेला मणी तापतो, त्याच्या तारेतून वीज वाहते, पण त्यावर वायू जळत नाही. म्हणजे तो हुबेहूब शेजारच्या निष्क्रिय मण्यासारखा झाला. पुलाला दोन सारखे मणी दिसतात, तो समतोल दाखवतो, आणि समतोल म्हणजे शून्य. तार तुटली असती तर यंत्राला कळलं असतं. असे बहुतेक डिटेक्टर आपला आकडा चार ते वीस मिलिअँपिअर करंटच्या रूपात पाठवतात. चार म्हणजे शून्य, वीस म्हणजे पूर्ण पट्टी. तार तुटली की करंट चारच्या खाली जातो आणि बिघाडाचा दिवा लागतो. मेलेला मणी मात्र बरोबर चार मिलिअँपिअर पाठवत राहतो. विजेच्या दृष्टीने तो ठणठणीत असतो.

आणखीही वाटा आहेत. मण्यासमोर ज्वाला अडवणारी धातूची सच्छिद्र चकती असते. ती धूळ, रंग किंवा गंजाने बुजली की वायू आत पोचतच नाही. रंगकाम करताना डिटेक्टरवर बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी सोडायची राहिली, तरी तेच. हवेत पुरेसा प्राणवायू नसेल तर मण्यावर काही जळणार नाही, त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या टाकीत वायू ठासून असला तरी आकडा फसवा येतो. म्हणून तर बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी आधी प्राणवायू मोजायचा आणि मग ज्वलनशील वायू, असा क्रम शिकवतात. वायू फारच जास्त झाला तरीही ज्वलनाला हवा कमी पडते आणि आकडा चढून परत उतरू शकतो. चांगली यंत्रं अशा वेळी सर्वोच्च आकड्यावर अडकून राहतात. साधी यंत्रं तसं करतीलच असं नाही.

सगळ्यात कपटी प्रकार अर्ध्या मेलेल्या मण्याचा. जाळायला सगळ्यात चिवट ज्वलनशील वायूंपैकी एक म्हणजे मिथेन. उत्प्रेरक कमजोर होऊ लागला की मण्याला आधी मिथेन ‘दिसेनासा’ होतो, प्रोपेन किंवा हायड्रोजन नंतर. म्हणजे जिथे धोका मिथेनचा आहे तिथे प्रोपेनने चाचणी घेतली तर मणी पास होईल, आणि खऱ्या परीक्षेत नापास. दहावीला चित्रकलेचा पेपर घेऊन गणिताचे गुण देण्यातला हा प्रकार आहे.

‘शून्य’ आणि ‘माहीत नाही’

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. कारखान्यांतल्या सेन्सरांचे आकडे गोळा करून पडद्यावर मांडणारं. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या पोरालाही एक गोष्ट शिकवतात: डेटाबेसमधलं शून्य आणि डेटाबेसमधला ‘नल’ वेगळे. एखाद्याचा पगार शून्य असणं आणि एखाद्याचा पगार आपल्याला माहीत नसणं या दोन गोष्टींची गल्लत केली तर सरासरी चुकते आणि मुलाखतीत नोकरी जाते.

हीच मंडळी औद्योगिक सुरक्षेचं सॉफ्टवेअर विकायला बसली की हा धडा विसरतात. एका बैठकीत मी स्लाइड पाहिली: ‘वर्षभरात वायुगळतीचे इशारे: ०’. त्याखाली अंगठा उंचावलेला हात. मी विचारलं, या डिटेक्टरांना शेवटचा वायू कधी हुंगवला? उत्तर आलं, “सर्टिफिकेट आहे ना सर.” आणि पुढची स्लाइड. वर्षभर एकही इशारा नाही याचे अर्थ दोन: प्लांट फार उत्तम चाललाय, किंवा डिटेक्टर एकजात बहिरे झालेत. नुसता तो आकडा पाहून यातलं काय खरं हे जगातला कुठलाही हुशार माणूस सांगू शकणार नाही. तरीही त्यावर बक्षिसं मिळतात, प्रवेशद्वारावर ‘इतके दिवस अपघातमुक्त’चा फलक झळकतो.

आता त्यावर ‘एआय’चा मुलामा येतोय. डिटेक्टरांच्या जुन्या आकड्यांवरून कारखान्याचे धोकादायक कोपरे आधीच ओळखणार म्हणे. मेलेल्या डिटेक्टरांची शून्यं ज्या मॉडेलला शिकवली, ते मॉडेल काय शिकेल? जिथले सेन्सर मेलेत तो कोपरा सगळ्यात सुरक्षित. हे गणित करायला एआय लागत नाही, आमच्याकडे ते पूर्वीपासून हातानेच होतं. अनेक प्रणालींमध्ये तर सेन्सरकडून काही आलंच नाही तर शेवटचा आकडा पुढे ओढत न्यायची सोय असते. आलेख सुंदर आणि सलग दिसतो. गिऱ्हाइकाला तुटलेला आलेख आवडत नाही.

मी शून्याला उगाच घाबरतोय असं वाटत असेल तर दोन प्रकरणं पाहा. दोन्हींत मण्याची विषबाधा हा विषय नाही. विषय आहे आकड्यावर डोळे मिटून ठेवलेल्या विश्वासाचा.

टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी एक मनोरा द्रवाने काठोकाठ भरत होता आणि पडद्यावर मात्र पातळी हळूहळू उतरताना दिसत होती. मापकाचं कॅलिब्रेशन चुकलेलं होतं. द्रव बाहेर उसळला, वाफेचा ढग पेटला, १५ माणसं गेली.

न्यूझीलंडमधल्या पाइक रिव्हर कोळसा खाणीत १९ नोव्हेंबर २०१० रोजी स्फोट झाला आणि २९ जण मेले. चौकशी आयोगाला काय आढळलं? खाणीतली हवा बाहेर नेणाऱ्या शाफ्टच्या तळाचा मिथेन सेन्सर सप्टेंबरपासून बंद होता, आणि वरचा सेन्सर नीट मोजत नव्हता. पण खाणीतल्या माणसांच्या नोंदी होत्या. शेवटच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणात असल्याच्या २१ नोंदी, आणि त्याहून कमी पण धोकादायक प्रमाणाच्या आणखी २७. कागदावर लिहिलेलं सत्य फायलीत पडून राहिलं आणि उत्पादन चालू राहिलं. साधनं बंद पडली होती एवढ्यावर हे थांबत नाही. साधन बंद आहे या बातमीला तिथे किंमतच नव्हती.

हरकती, आणि त्यांची उत्तरं

पहिली हरकत नेहमीची: हे जुनं तंत्रज्ञान टाका, इन्फ्रारेड घ्या. इन्फ्रारेड डिटेक्टर खरंच चांगले असतात. त्यांना विषबाधा होत नाही, प्राणवायू लागत नाही, आणि काच मळली तर ते स्वतः तक्रार करतात. जिथे जमेल तिथे जरूर लावा. पण त्यांना हायड्रोजन दिसत नाही, कारण तो इन्फ्रारेड प्रकाश शोषतच नाही. वनस्पती तूप, क्लोर-अल्कली कारखाने, मोठ्या बॅटऱ्यांच्या खोल्या, आणि २०२३ च्या राष्ट्रीय अभियानानंतर ज्याचा गजर चालू आहे तो हरित हायड्रोजन, या सगळ्यांत मण्याला आजही काम आहे. आणि पैशांचा प्रश्न आहेच. छोट्या उद्योगांत मणीच राहणार. म्हणजे त्याला वापरायचं कसं हा प्रश्न टळत नाही.

दुसरी हरकत: आमच्या डिटेक्टरला मान्यता आहे. असेल. धोकादायक जागेतल्या विद्युत उपकरणांना नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ मान्यता देते, आणि ती आवश्यकच आहे. पण ती मान्यता मुख्यतः सांगते की हे उपकरण स्वतः स्फोटाला कारण होणार नाही, त्यातली ठिणगी बाहेरचा वायू पेटवणार नाही. त्या भिंतीवरच्या त्या डिटेक्टरला आज वायू कळतो का, हे त्यातून समजत नाही. डिटेक्टर किती अचूक असावा आणि तो कसा निवडावा, लावावा, सांभाळावा यासाठी वेगळी मानकं आहेत. त्यांतलं सांभाळण्याचं मानक वाचण्याचा उत्साह खरेदीची ऑर्डर निघाली की संपतो.

तिसरी हरकत: वर्षातून दोनदा कॅलिब्रेशन होतं, स्टिकर पाहा. स्टिकर मी पाहतो, पण मला त्यावर नसलेला आकडा हवा असतो. कॅलिब्रेशन करणारा ५० टक्के एल.ई.एल.चा वायू सोडतो. समजा डिटेक्टरने ३० दाखवले. तंत्रज्ञ सेटिंग वाढवून ते ५० करतो आणि प्रमाणपत्रावर लिहितो: दिला ५०, दाखवला ५०. पास. तो ३० कुठेच राहत नाही. खरी बातमी तो ३० होता! त्याचा अर्थ, मण्याची ताकद निम्म्याच्या जवळ आली आहे, आणि गेले कित्येक आठवडे २० टक्क्यांचा इशारा प्रत्यक्षात ३३ टक्क्यांना वाजला असता. मरायला टेकलेल्या मण्याचा आवाज वाढवून त्याला धडधाकट ठरवणं, याला आपण देखभाल म्हणतो.

चौथी हरकत कुणी उघड करत नाही, पण तीच खरी आहे: वेळ कुणाला आहे? डिटेक्टरवर ओळखीचा वायू सोडून तो जागा होतो का हे पाहणं, ज्याला बंप टेस्ट म्हणतात, एका डिटेक्टरला दोन मिनिटांचं काम आहे. पण हलके वायू वर जातात म्हणून हायड्रोजनचा डिटेक्टर छताशी असतो. त्याला शिडी किंवा मचाण लागतं, मचाणाला परमिट लागतं, परमिटला सही लागते. हे सगळं करणारा माणूस बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराचा असतो. वायूची बाटली संपली तर नवी मागवण्याचा अधिकार त्याला नसतो, आणि चाचणीत डिटेक्टर नापास झाला तर ‘लाइन थांबवा’ म्हणायची ताकद तर नसतेच. मग तो काय करणार? तक्त्यात बरोबरच्या खुणा करणार. त्याला कामचुकार म्हणण्याआधी हा तक्ता वाचायला कोण बसलंय ते पाहा.

जयपूरच्या सीतापुरा इथल्या तेल डेपोत २९ ऑक्टोबर २००९ रोजी पेट्रोलची गळती सुरू झाली. सुमारे सव्वा तास ते वाहत होतं, वाफ पसरत होती, आणि मग स्फोट झाला. ११ जणांचा जीव गेला. त्यानंतर नेमलेल्या एम. बी. लाल समितीने गळतीच्या संभाव्य जागांजवळ हायड्रोकार्बन डिटेक्टर लावायची शिफारस केली. शिफारस योग्यच होती. पण ‘लावा’ या क्रियापदात आपलं प्रशासन रमतं, कारण लावलेलं मोजता येतं. किती डिटेक्टर लावले याचा तक्ता करता येतो, फोटो काढता येतो, फीत कापता येते. किती डिटेक्टर जिवंत आहेत याचा तक्ता मागणारी तपासणी माझ्या पाहण्यात अजून आलेली नाही.

काय करायचं

नुसती हळहळ करून लेख संपवणं मला आवडत नाही, म्हणून मागण्या लिहितो. यातल्या एकीलाही नवं तंत्रज्ञान लागत नाही.

पडद्यावर डिटेक्टरच्या आकड्याशेजारी त्याच्या शेवटच्या बंप टेस्टचं वय दाखवा. ‘० टक्के, ६ दिवसांपूर्वी तपासला.’ ठरलेली मुदत उलटली की हिरवं शून्य काढून तिथे करड्या रंगात लिहा: ‘माहीत नाही’. हे करायला एका प्रोग्रामरला जेमतेम एक दिवस लागेल. ते होत नाही याचं कारण एवढंच, की पडद्याच्या चौथ्या भागावर ‘माहीत नाही’ लिहिलेलं व्यवस्थापनाला पाहवणार नाही. पण ते ज्ञान त्यांच्याकडे नाही ही वस्तुस्थिती आहे. पडद्याने ती लपवू नये एवढीच मागणी.

कॅलिब्रेशनच्या नोंदीत दुरुस्तीपूर्वीचा आकडा सक्तीचा करा. तो रकाना नसलेलं प्रमाणपत्र परत पाठवा. चाचणी जिथे जो धोका आहे त्याच वायूने घ्या. मिथेनच्या जागी मिथेनने. सिलिकॉन असलेलं सीलंट, स्प्रे, पॉलिश प्लांटमध्ये आणण्यापूर्वी इन्स्ट्रुमेंट विभागाची सही लागू द्या, आणि डागडुजीच्या कंत्राटदाराला त्याचं कारण त्याला कळेल त्या भाषेत सांगा.

आणि ही सगळी नोंद कामगारांना पाहू द्या. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी एक स्वतंत्र प्रकरण जोडलं गेलं. कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती, धोक्याची माहिती देण्याचं मालकावर बंधन, आणि आसन्न धोका दिसला तर तो कळवण्याचा कामगाराचा अधिकार, हे त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. त्यामागचा विचार साधा होता: ज्याचं शरीर त्या हवेत उभं आहे, त्याला त्या हवेबद्दल माहिती हवी. आपल्या डोक्यावरचा डिटेक्टर जिवंत आहे की शोभेचा, ही माहिती त्या हक्कात बसत नसेल तर मग काय बसतं?

माझ्या व्यवसायातल्या मंडळींना वेगळं सांगायचंय. आपण बँकेचं सॉफ्टवेअर लिहिताना एक पैसा इकडचा तिकडे झाला तर रात्र रात्र जागतो. गॅस डिटेक्टरचा पडदा लिहिताना मात्र ‘गिऱ्हाइकाने मागितलं नव्हतं’ एवढ्यावर सुटका करून घेतो. गिऱ्हाईक म्हणजे खरेदी करणारा. त्या शेडमध्ये उभा असलेला फिटर आपल्याला कधी भेटत नाही, त्याच्यापर्यंत आपला फीडबॅक फॉर्म पोचत नाही. म्हणून त्याच्या वतीने प्रश्न विचारणं हे आपलंच काम आहे: हे शून्य कुणी, कधी आणि कशाने तपासलं?

शून्य आपल्या पूर्वजांनी जगाला दिलं, हे आपण उठताबसता सांगतो. त्यांनी शून्याला चिन्ह दिलं, किंमत दिली, ते वापरायचे नियम लिहिले. चिन्ह न देता सोडलेली रिकामी जागा आणि शून्य या वेगळ्या गोष्टी आहेत, हेच तर त्यात नवं होतं. ती रिकामी जागा हिरव्या रंगात रंगवून तिला शून्य म्हणायचं आणि त्याखाली माणसांना कामाला उभं करायचं, हे थांबलं पाहिजे.